स्तोयांका मावशीची ओली घडी

मी लढाऊ विमानाची एक जुनी हवाई छत्री आहे, आणि आज मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! तुमच्या गिरीशकाकांनी मला शिकागोजवळच्या या नेपरव्हिलमधल्या एका गराज सेलमधून उचललं, तेही तंबू समजून. आता दर रविवारी मराठी शाळेच्या हॉलमध्ये तुम्ही माझ्या कडा धरून चेंडू उडवता. पण मित्रांनो, एके काळी मी विमानं थांबवत असे.

बल्गेरियातल्या एका लष्करी विमानतळावर माझी नेमणूक होती. गव्हाच्या शेतांमधून गेलेली धावपट्टी, आणि कडेला मातीखाली दडवलेले काँक्रीटचे हँगर. वरून पाहावं तर नुसत्या हिरव्या टेकड्या. मी विमानाच्या शेपटीत घडी होऊन बसे. चाकं जमिनीला टेकली की वैमानिक बटण दाबी, मी भस्सकन बाहेर पडे आणि त्या उधळलेल्या बैलाला मागे ओढी. एकदा मी असा हिसका दिला की विमान जागच्या जागी थांबलं, पण त्याचा आवाज तसाच पुढच्या गावात जाऊन धडकला. तिथल्या कोंबड्या तीन दिवस अंडी द्यायला विसरल्या.

"काहीही हं!" माझी कड धरून बसलेली रुचा ओरडली.

"बोलू दे गं तिला," गिरीशकाका म्हणाले. "पिझ्झा यायला वेळ आहे अजून."

हसा, हसा. माझी घडी घालायची स्तोयांका मावशी. मला उंच खोलीत टांगायचं, गरम हवेवर खडखडीत वाळवायचं आणि मगच हात लावायचा, हा तिचा नेम. घडी झाली की ती कार्डावर सही करी. त्या सहीचा अर्थ एवढाच, की ही छत्री उघडेल. वैमानिक ती पाहूनच शिडी चढत.

पुढे त्या देशाचं राज्य बदललं. आजूबाजूचे तळ एकेक करून बंद पडले, त्यांच्या धावपट्ट्यांवर मेंढ्या चरू लागल्या. आमचा तळ उरला, पण खोल्या गरम ठेवायला डिझेल उरलं नाही. त्या हिवाळ्यात वाळवणीची खोली तीन आठवडे थंडगार होती, आणि मी बर्फात लोळून चिंब भिजलेली.

"ही ओली आहे साहेब. मी सही नाही करणार," मावशी म्हणाली.

"उद्या वरचे लोक पाहणीला येतायत," अधिकारी म्हणाला. "विमान उडालंच पाहिजे. नोकरी हवी आहे ना?"

मावशीच्या घरी दोन लेकरं होती. तिनं सही केली.

सकाळी पारा उणे अठरा! तुमच्या शिकागोसारखीच हाडं गोठवणारी थंडी. कॅप्टन पेत्कोंनी चक्कर मारली, चाकं टेकवली, बटण दाबलं. आणि मित्रांनो, मी उघडले! गुलाबासारखी उमलले! धावपट्टीच्या अगदी टोकाला विमान थांबलं, पुढचं चाक हवेत. कॅप्टन हसत उतरले, मावशीला चॉकलेटचा डबा दिला.

त्यानंतर मावशी कामावर आली नाही. दमली असेल. तिच्या सहीचं कार्ड दोन माणसं लिफाफ्यात घालून घेऊन गेली. मला कुणी धुतलं नाही, टांगलं नाही, भंगारात टाकलं. सरावाला आलेल्या एका अमेरिकन सैनिकानं तिथून मला आठवण म्हणून उचललं.

म्हणून सांगते, मुलांनो. काही बिघडलं तर आधी सही कुणाची ते शोधू नका. ज्या हातांनी सही केली, त्यांना खोली गरम करून दिली होती का, ते विचारा.

"थांब, थांब." नऊ वर्षांची आन्या बोलली. तिनं माझी कड दोन्ही मुठींत धरली होती. "काल माझ्या हातातले मिटन्स ओले झाले होते. मी ते डेकवर विसरले. सकाळी दे वेअर लाइक लाकूड. बोटंच आत जात नव्हती."

"आन्या, राहू दे बेटा," गिरीशकाका हळूच म्हणाले.

"नो, काका! ती ओली होती. अख्खी रात्र थंडीत होती." आन्या माझ्याकडे वळली. "तू खोटं बोलतेस. तू उघडलीच नाहीस. कॅप्टन थांबलेच नाहीत."