वर्गाबाहेरचा बाक

मंडळी, जरा वाकून बघा, मी खालून बोलतोय. मी बुटांचा बाक. जर्मनीत ब्योब्लिंगेनजवळच्या एका प्राथमिक शाळेत, पहिलीच्या वर्गाबाहेर माझा मुक्काम. इथली पोरं बाहेरचे बूट माझ्या पोटात ठेवतात, घरातल्यासारख्या सपाता घालतात आणि मगच वर्गात शिरतात. त्यामुळे मी माणसं पायांवरून ओळखतो.

एकाच सुताराने आम्हा दोन भावांना घडवलं. मी १ब बाहेर, भाऊ व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, १अ बाहेर. त्याच्याकडे जर्मन घरांतली मुलं. माझ्याकडे तुर्की, पोलिश, अरबी, झाडून सगळी परक्या नावांची. "यांना भाषेची मदत लागते," असं मुख्याध्यापिकाबाई सांगायच्या. पण आमची धम्मदीपा याच गावात जन्मलेली, भांडायचीसुद्धा जर्मनमध्ये! नाव वाचूनच तिला इकडे धाडलं असणार.

२०१४ च्या ऑक्टोबरात तिचे आईवडील, क्षमा आणि यशपाल, बाईंना भेटायला आले. दोघंही मोटार कंपनीत इंजिनिअर. बाईंनी चूक कबूल केली आणि सोमवारपासून धम्मदीपाला १अ मध्ये घ्यायचं ठरवलं. दोघं खुशीत बाहेर येऊन माझ्यावर टेकले. दीपा तिच्या मैत्रिणीबरोबर, एमिनेबरोबर बूट घालत होती. आईने मराठीत बातमी सांगितली. लेकीने जर्मनमध्ये विचारलं, "उंड एमिने?" म्हणजे, आणि एमिने?

क्षमा उठून पुन्हा बाईंच्या दाराकडे वळली.

"आल्झो, म्हणजे आपलं काम झालं ना?" यशपाल म्हणाला. "एमिनेचं तिचे आईबाबा बघतील. उगाच ताणलंस तर हिचीही जागा जाईल."

"जाऊ दे. यश, माझे आजोबा वर्गाबाहेर, पोरांच्या चपलांशेजारी बसून शिकले. बाहेर बसणं काय असतं ते आपल्या घरात माहीत आहे. आणि मी माझी तेवढी आत पाठवू?"

यशपालने बांधलेलीच नाडी पुन्हा बांधली. मग उठला. "चल, मीही येतो." दोघं परत बाईंच्या खोलीत गेले. त्या चार पायांचा मला फार अभिमान वाटला.

पुढे दोन्ही वर्ग मिसळायच्या त्यांच्या मागणीवरून पालकसभा तापली. आमची मुलं मागे पडतील, असं १अ चे पालक म्हणाले. वर्ग मिसळेपर्यंत माझी मुलगी १ब मध्येच राहील, असं क्षमाने शांतपणे सांगितलं. बाईंचंही कौतुक करायला हवं. चूक एकदा पटल्यावर त्या सगळ्यांसमोर ठाम राहिल्या.

नाताळच्या सुट्टीनंतर दोन्ही वर्ग मिसळले. पुढच्या वर्षी गावातल्या बाकीच्या शाळांनीही तेच केलं. आमची पोरं मात्र सवयीने जुन्याच टोकाला बूट ठेवायची आणि मोज्यांवर व्हरांडाभर पळायची. शेवटी हाउसमाइस्टरकाकांनी, म्हणजे शाळेची डागडुजी बघणाऱ्यांनी, आम्हा भावांना ओढत आणून मधोमध एकमेकांना खेटून ठेवलं. इतक्या वर्षांनी भाऊ भेटला.

आता २०१९ उजाडलंय. दीपा मोठ्या शाळेत गेली, एमिनेही. माझा एक पाय डगडगतो. नवे बाक येणार असं कानावर आलंय. माझी तक्रार नाही, पोट भरून बूट सांभाळले. फक्त एवढं ऐका. नवे दोन आणू नका. एकच आणा, चांगला लांबलचक.