चढावर थांबलेली गाडी

काटकसर हा गुण खरा. पण गुणालाही पथ्य असते. आपण काय वाचवले हे ज्याने त्याने मनात ठेवावे, चारचौघांत बोलून दाखवू नये. जावयाने हे पथ्य मोडले होते, आणि मोडल्याची त्याला जाणीवही नव्हती.

त्या सकाळी चढाच्या पायथ्याशी त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली आणि ॲक्सिलरेटर अलगद दाबला. जोर केला की गाडी पेट्रोल घटाघटा पिते, हे त्याचे ठाम मत. दर रविवारी चाकांतली हवा तपासणे, लाल दिवा दिसताच दुरूनच वेग उतरू देणे, डिकीत एकही जादा वस्तू न ठेवणे, हे सारे तो नित्यनेमाने करी. समोरच्या पडद्यावरचा, लिटरमागे किती किलोमीटर हे सांगणारा सरासरीचा आकडा वाढला की त्याचा दिवस सत्कारणी लागे. त्या आकड्याकडे पाहता तसे माझ्याकडे कधी पाहिले नाहीत, असे बायको म्हणे.

चढाच्या मध्यावर एक स्थूल वृद्धा भिंतीला हात टेकून उभी होती. तिच्या खांद्यावरची पिशवी त्याच्या घरातली होती. ती त्याची सासू होती.

सासरे गेल्यावर ती लेकीकडे राहायला आली होती. गुडघ्यांच्या व्यायामासाठी तिला वरच्या दवाखान्यात जावे लागे. आरंभी जावईच कचेरीला जाताना तिला सोडी. मग एके दिवशी तिने सांगितले, शेजारची सून त्याच वाटेने जाते, तिच्या गाडीतून जाईन. कोणी खोलात शिरले नाही.

त्याने गाडी कडेला घेऊन काच खाली केली.

“आई, तुम्ही चालत?”

तिला धाप लागली होती. तिने हातानेच त्याला पुढे व्हा म्हणून खुणावले.

“चढावर थांबू नये, जावईबापू. पुन्हा उचलताना पेट्रोल फार जळतं.”

त्यात उपरोधाचा लवलेश नव्हता. पाठ केलेला धडा म्हणावा तसे ती म्हणाली. आणि त्याला ते जेवण आठवले. मित्र घरी आला होता. आई मागे बसल्या की सरासरी हमखास घसरते, वजनाच्या बाबतीत गाडी खोटं बोलत नाही, असे त्याने रंगवून सांगितले होते. मित्र हसला, तोही हसला. पाण्याचा जग घेऊन आलेली सासू दारात क्षणभर थबकली होती. मग पुढे होऊन तिने दोघांचे पेले भरले होते.

उतरून त्याने मागचे दार उघडले. ती बसली, पण सीटच्या अगदी कडेला, खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी धरून, देह उचलून धरल्यासारखी.

“नीट टेकून बसा ना, आई.”

“बसलेय की.”

मागून कोणीतरी भोंगा वाजवला. तो आपल्या जागी येऊन बसला, पण त्याचे हात स्टिअरिंगवरच राहिले.

“त्या दिवशी मी जे बोललो...”

“गाडीबद्दल बोललात.” ती बाहेर पाहत म्हणाली. “लेकीला मात्र सांगू नका. ती तुमच्याशी भांडेल, आणि मग मला तुमच्या घरात राहायला तोंड उरणार नाही.”

त्याने मान डोलावली. आरशात पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

दवाखान्याच्या दाराशी तो उतरला. ती आधारासाठी गाडीच्या दाराची चौकट चाचपत होती. तो वाकला आणि त्याने आपला खांदा तिच्यापुढे धरला. तिचा हात क्षणभर अधांतरी राहिला. मग आधी बोटे टेकली, मग तळवा, आणि अखेर सारा भार त्याच्यावर आला. तो तसाच वाकून उभा राहिला.

दोघे हळूहळू पायऱ्या चढू लागले. लेकीच्या घरी ज्यांना अंग चोरून बसावे लागते, त्या थकलेल्या देहांना निवांत टेकायला जागा लाभो. आणि ज्यांच्या तोंडून नकळत शब्द गेला, त्यांनाही क्षमा लाभो.