आयाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. म्हातारपणी माणूस निवतो म्हणतात. पेटीचे तसे नसते. माझा पत्रा गंजला, राग गंजला नाही.

माझी मालकीण आया होती. एका गोऱ्या साहेबाची दोन मुले ती सांभाळायची. साहेब बिऱ्हाड आवरून मायदेशी निघाला, तेव्हा मडम तिला म्हणाली, "बोटीवर मुलांचं कोण करणार? तू चल. परतीचं तिकीट आम्ही काढू." आयाची स्वतःची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला सासूच्या कडेवर देत ती म्हणाली, "दोन-तीन महिन्यांत येतेच."

बोटीवर मुले ओकली, तापली. सगळे हिनेच निस्तरले. पलीकडच्या धक्क्यावर उतरताच साहेबाने हमालाला सांगून मला बाजूला काढले.

"मुलं आता शाळेत जातील. तुझं काम संपलं."

"आणि तिकीट, साहेब?"

गाडी निघूनही गेली होती. गरज सरो, वैद्य मरो!

अशा टाकून दिलेल्या आयांचे तिथे एक वसतिगृह होते. आम्ही तिथे राहिलो. दिवसभर ती धुलाईखान्यात राबायची. मडमेला तिने पत्रामागून पत्रे लिहवून घेतली, उत्तर एकाचेही आले नाही. दर वर्षी ती मुलीसाठी एक फ्रॉक शिवून माझ्यात ठेवायची. स्वयंपाकिणीची लेक त्याच वयाची, म्हणून माप तिचे घ्यायची. चौथा फ्रॉक अर्धा झाला आणि खोकल्याने तिला नेले. मला कुलूप लावून माळ्यावर टाकले.

गेल्या वर्षी तिची पणती आली आणि तिने माझे कुलूप उघडवले. तिने बोटींच्या जुन्या याद्या धुंडाळल्या होत्या. एका यादीत साहेबाच्या कुत्र्याचे नाव होते, हिच्यासाठी नुसते 'आया'! साहेबाने आयाच्या सासूला धाडलेले पत्रही पणतीजवळ होते. तिने ते वाचून दाखवले: 'तुमची सून इथेच रमली आहे. तिला परत यायचे नाही.' इतके धडधडीत खोटे!

त्या जुन्या वसतिगृहाचे व्यवस्थापक म्हणाले, "पेटी प्रदर्शनात ठेवू. खाली लिहू, 'एकनिष्ठ आया'."

"एकनिष्ठ?" पणतीचा आवाज चढला. "धक्क्यावर टाकलेली, असं लिहा."

मग तिने घरी फोन लावला. "आई, ती आजीला टाकून गेली नव्हती. इथे आजीसाठी शिवलेले फ्रॉक आहेत. तीन पुरे, एक अर्धा."

 पलीकडून थकलेला आवाज आला. "माझी आई मरेपर्यंत म्हणायची, मला आईच नव्हती. आता तिला कुठे जाऊन सांगू गं?"

मित्रांनो, मला रंग देऊ नका, पुसू नका, चालेल. पण तुमच्या घरातली एखादी बाई पोर टाकून गेली असे कानावर आले, तर आधी एवढे विचारा: हे सांगितले कोणी?