डेकोरेट की अडॉर्न

"काका, 'डेकोरेट' लिहा की. लोकांना तेवढंच कळतं," सोसायटीचा सेक्रेटरी सुधीर म्हणाला.

दिनानाथांनी खडू थांबवला. ब्याऐंशी साली वाशीच्या त्या नव्या सोसायटीचा पहिला गणपती होता. बक्षीस समारंभाला मुंबईहून मोठे साहेब येणार होते आणि बिऱ्हाडं तामीळ-पंजाबीही असल्यामुळे फळ्यावरची सूचना इंग्रजीत हवी होती. 'अमुकसाहेब अध्यक्षस्थान भूषवतील' हे वाक्य कचेरीत दिनानाथांनी इतक्या साहेबांसाठी लिहिलं होतं, की झोपेतही चुकलं नसतं. स्वतः ते समारंभात पाण्याच्या तांब्यापाशी उभे असत.

"डेकोरेट तू करतोस, सुधीर. पताका, कागद, लायटिंग. अडॉर्न म्हणजे भूषवणं, ते माणूस करतो. नुसता बसून."

"मग बरंय की! हे काम आपल्याला कोण का देत नाय?"

दिनानाथांनी ठसठशीत अक्षरात 'अडॉर्न' लिहिलं. सुधीरनेही हौस भागवली. गुलाबी क्रेप कागद आणि चंदेरी चांदण्यांनी त्याने खुर्ची अशी मढवली, की बसणाऱ्याची अडचणच व्हावी.

संध्याकाळी वाण्याच्या दुकानात फोन आला. साहेबांची गाडी मानखुर्दला बंद पडली होती. ते येत नव्हते.

मांडवात पोरं बक्षिसांसाठी कलकलत होती. सुधीरने इकडेतिकडे पाहिलं. "काका, तुम्ही बसा."

"मी? अरे, फळ्यावर साहेबांचं नाव आहे."

"पुसतो ना!"

त्याने नाव पुसून दिनानाथांचं लिहिलं. पुढचा शब्द मात्र तसाच ठेवला.

दिनानाथ हलेनात. बायकांतून त्यांच्या पत्नीचा, सुचित्राबाईंचा आवाज आला, "बसा की हो! बस चुकल्यासारखे उभे काय राहिलात?"

दिनानाथ बसले. आधी टोकावर, कागद चुरगळू नये म्हणून. लिंबू-चमच्याचं बक्षीस देऊन झालं, संगीत खुर्चीचं झालं. टाळ्या वाजत होत्या. मग त्यांनी सावकाश पाठ टेकली.

घरी सुचित्राबाईंनी कपाळावर हात मारला. घामाने क्रेपचा रंग सुटून पांढऱ्या शर्टाची पाठ गुलाबी झाली होती.

"सगळं डेकोरेशन अंगावर घेऊन आलात! द्या, सोड्यात भिजवते."

"राहू दे," दिनानाथ म्हणाले.

सोमवारी ते तोच शर्ट घालून कचेरीला निघाले. बसमध्ये जागा होती. तरी ते पुढे जाऊन उभे राहिले, सगळ्यांकडे पाठ करून.