अर्धी नमो मारिया

नमो मारियेच्या प्रार्थनेला दोन अर्धी असतात. पहिलं एकाने म्हणायचं, दुसरं बाकीच्यांनी. जात्याच्या दोन बाजूंना दोघी बसाव्यात, एकीने खुंटा ओढावा आणि दुसरीने लोटावा, तशी ती प्रार्थना फिरते.

अलकनंदाबाईंचं दुसरं अर्ध सगळा संसारभर त्यांच्या नवऱ्याने म्हटलं. अंबादासमास्तरांनी. श्रीरामपूरजवळच्या खेड्यात, मिशनच्या शाळेमागच्या दोन खोल्यांत, कंदिलाची काच पुसून झाली की बाई सुरू करायच्या आणि मास्तर उत्तर द्यायचे. कधी जांभई देत, कधी पायाला तेल चोळत, पण द्यायचे. मास्तर गेले, बाई मुलाकडे गुडगावला आल्या, आणि तेव्हापासून दोन्ही अर्धी त्या स्वतःच म्हणू लागल्या. एकटीने जातं ओढावं तसं. हात भरून यायचा आणि पीठ जाडंच पडायचं.

फ्लॅट सातव्या मजल्यावर. खिडकीतून अजून मोहरीची शेतं दिसायची, पण दर हिवाळ्यात पिवळा रंग थोडा मागे सरकायचा आणि क्रेन थोडी पुढे यायची. परदेशी कंपन्या आल्या होत्या आणि त्यातल्याच एकीत उन्मेष होता. सून शुभदा पुण्याची, हिंदू घरातली, बँकेत नोकरीला. स्वयंपाकघरात मिक्सरच्या वर एका छोट्या कपाटात तिचं देवघर होतं, त्यात माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. सकाळी शुभदा तिथे निरांजन लावायची आणि बाई ओट्याजवळच्या स्टुलावर बसून माळ ओढायच्या. दोघींच्या मधे दूध तापत असायचं. ते उतू जाऊ लागलं की जिची प्रार्थना आधी संपेल तिने गॅस बंद करायचा, असं कधी न ठरवता ठरलेलं होतं.

लग्न कोर्टात झालं होतं, चर्चमध्ये नाही. त्यामुळे उन्मेषला चर्चच्या उपासनेत, मिस्सेत, ख्रिस्तप्रसाद घेता येत नसे. गुडगावात आल्यावर सुरुवातीला तो आईबरोबर जायचा. एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारची मिस्सा व्हायची. प्रसादाची वेळ आली की ओळच्या ओळ उठायची, हा एकटा बसून राहायचा आणि लोक त्याचे गुडघे ओलांडून पुढे जायचे. "एक्सक्यूज मी" म्हणायचे, इतकंच. पुढे पुढे तो आईला फाटकाशी सोडून गाडीतच पेपर वाचत बसू लागला. बाईंनी विचारलं नाही. त्यांनी फक्त मनाशी एक मागणं धरलं. ख्रिस्तप्रसादाचं पुढचं पुढे, पण पोराने एकदा, एकदाच, मास्तरांसारखं उत्तर द्यावं. दुसरं अर्ध म्हणावं.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. पॅरिशमधली, म्हणजे त्या भागातल्या चर्चची, मारियामातेची मूर्ती घराघरातून फिरायची. निळ्या शेल्याची, हात जोडलेली, तान्ह्या बाळाएवढी उंच. एका संध्याकाळी घरात यायची, रात्रभर राहायची, दुसऱ्या संध्याकाळी शेजारपाजारचे कॅथलिक जमून माळ म्हणायचे आणि घरच्यांनीच तिला उचलून पुढच्या घरी पोचवायची. ज्याचं घर, त्याने आपल्या भाषेत पुढे म्हणायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या भाषेत उत्तर द्यायचं. बाईंना कुठल्याही घरी एक दशक, म्हणजे माळेचे दहा मणी, मराठीत म्हणायला मिळे. मग उत्तर यायचं ते मल्याळममधून, हिंदीतून, कोंकणीतून, झारखंडच्या पोरींच्या कुडुखमधून. पाखरांनी भरलेल्या झाडासारखं. फक्त त्या झाडावर मराठी पाखरू नव्हतं.

हे सगळं चालवायची लिसम्मा. केरळची, निवृत्त नर्स, आवाज वॉर्डातल्यासारखा. ती दरवर्षी विचारायची, "अलका आंटी, माता आपके घर कब आएगी?" आणि बाई दरवर्षी म्हणायच्या, "अगले साल. बहू का बँक में ऑडिट है."

ऑडिट बाराही महिने चालायचं. खरं कारण मिक्सरच्या वर होतं, आणि गाडीत पेपर वाचत होतं.

त्या रविवारी दुपारी लिसम्माचाच फोन आला. जिथे मूर्ती जायची होती त्या घरची बाई बाळंतपणाला दवाखान्यात गेली होती. "आज माता आपके यहाँ. शाम को लाती हूँ. ऑडिट-वॉडिट कुछ नहीं सुनूँगी."

बाईंनी फोन ठेवला. आनंदही झाला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. त्या स्वयंपाकघरात गेल्या. शुभदा भाजी निवडत होती.

"शुभदा, एक मागू का गं?"

"मागा की आई."

"उद्या संध्याकाळी लोकं येतील. तुझं ते देवघर... कपाटाचं दार तेवढं लावून घेशील? एका दिवसापुरतं."

शुभदाने मेथीची एक काडी उगाच दोनदा खुडली. "लावते," ती म्हणाली. उठली, हात धुतले, निरांजन विझलंय ना पाहिलं आणि दार लावलं. मग एक धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला.

उन्मेष दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं.

"आई, त्या कपाटात अजून जागा आहे का गं?"

"का रे?"

"मलाही ठेव ना आत. नाहीतर लिसम्मा आंटी विचारायची, हा कोण? कोर्टात लग्न केलेला?"

"उन्मेष," शुभदा म्हणाली, "बस कर यार."

तो बाल्कनीत गेला. बाई तिथेच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मूर्ती आली. लिसम्माने ती टीव्हीशेजारच्या शोकेसवर ठेवली, शेला नीट केला आणि "प्लास्टर है, संभाल के" असं सांगून धावतच दवाखान्यात गेली. पाच वर्षांची नात अवनी मूर्तीसमोर मांडी घालून बसली.

"आजी, ये किसकी मम्मी है?"

"येशूची. आपल्या सगळ्यांची पण."

"हिचं घर कुठेय?"

"आजच्या दिवस इथंच. उद्या बी ब्लॉकमध्ये जायची."

शुभदा ओले हात पुसत बाहेर आली. तिने मूर्तीकडे बराच वेळ पाहिलं. "उद्या लगेच जाणार?" तिने विचारलं. "आणि जाताना... अशीच जाते?"

"अशीच म्हंजे?"

"काही नाही. असंच विचारलं."

रात्री अंथरुणावर पडल्यावर बाईंना आपली आई आठवली. तिचं दळण, तिचा गळा. पांढऱ्या पिठाची धार आणि तिच्या ओव्या.

*कोण आली माझ्या दारी, निळ्या लुगड्याची नार*
*नाझरेथाची लेक बाई, तिला बसाया पाट सार*

पाट सारायचा, पाय धुवायला पाणी द्यायचं, काय हवं नको विचारायचं. बाईंना वाटलं, आपण तर आल्या आल्या घरातलं एक दार लावून घेतलं. लेक माहेरी आणली आणि माहेरच लपवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवाणखाना भरला. सोफा भरला, सतरंजी भरली, चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत गेला. मधेच वीज गेली, खाली जनरेटर खोकला आणि पंखे पुन्हा फिरू लागले. उन्मेष ऑफिसातून लवकर आला होता, पण आल्या आल्या बाल्कनीत जाऊन उभा राहिला. काचेचं दार अर्धं उघडं, पाठ घराकडे. शुभदा स्वयंपाकघरात.

घर बाईंचं म्हणून माळ बाईंनी चालवली. नमो मारिया, कृपेने पूर्ण. त्यांचा आवाज पुढे जाई आणि उत्तर सगळ्या भाषांतून परत येई. दर वेळी त्या कणभर थांबत. बाल्कनीतून गाड्यांचा आवाज येई.

माळ संपली. लिसम्मा गुडघ्यांवर हात टेकून उठली. "चलो, माता को उठाओ, बी ब्लॉक वाले रास्ता देख रहे होंगे."

तेवढ्यात शुभदा बाहेर आली. नोकरीचे कपडे जाऊन अंगावर साडी आली होती. हातात ताट, ताटात तांदूळ, नारळ, घडी केलेला निळा खण, हळदकुंकवाची कोयरी. बाईंनी ती कोयरी ओळखली. ती देवघरातली होती, म्हणजे कपाटाचं दार उघडलं होतं.

शुभदाने मूर्तीसमोर ताट ठेवलं आणि करंगळीशेजारच्या बोटाला कुंकू लावलं.

"अरे अरे अरे!" लिसम्मा पुढे आली. "ये क्या? ये पूजा-वूजा नहीं करना. फादर को मैं क्या बोलूँगी?"

शुभदाचं बोट हवेत थांबलं. "सॉरी," ती म्हणाली. मग मराठीतच, सासूकडे बघत, "मला वाटलं, माहेरवाशीण आहे. अशीच कशी रिकामी पाठवायची?"

अवनीने विचारलं, "मम्मी, हे काय असतं?"

"ओटी," शुभदा अगदी हळू म्हणाली.

कोणीतरी सतरंजीवरून कुजबुजलं. लिसम्माने शुभदाच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, कोयरी पाहिली, आणि आवाज खाली आणून बाईंना विचारलं, "आंटी, बहू अपनी नहीं है क्या?"

दरवर्षी ज्या प्रश्नाला ऑडिटच्या आड लपवलं, तो आता दिवाणखान्याच्या मध्यभागी उभा होता. बाईंनी जपमाळ मुठीत घट्ट धरली. त्यांचं हिंदी मोडकं होतं. ते तसंच त्यांनी पुढे केलं.

"अपनी है. चर्च की नहीं है, पर अपनी है. मेरे बेटे का लगीन कोर्ट में हुआ, लिसम्मा. मैंने इतने साल छुपाया. कल मैंने इसके भगवान का दरवाजा भी बंद कराया. इसने कुछ नहीं बोला. और आज ये मेरी माता को खाली हाथ जाने नहीं देती." त्यांनी ताटाकडे बोट केलं. "हमारे में बेटी जाती है तो ऐसे भेजते हैं. ये पूजा नहीं है. ये... लाड है."

बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज झाला. बाईंनी मागे पाहिलं नाही.

वॉर्डात एखाद्या रोग्याची नाडी बघावी तशी लिसम्मा बाईंकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हमारे यहाँ भी शादी में लड़की को साड़ी देते हैं." आणि लगेच शुभदाकडे वळून, पुन्हा वॉर्डातल्या आवाजात, "पर चेहरे पे कलर नहीं लगाना बेटा. प्लास्टर है, दाग बैठेगा तो जाएगा नहीं."

कोणीतरी हसलं. शुभदाही रडता रडता हसली.

"पण घालू कशात?" तिने विचारलं. "हिचे तर हात जोडलेले. पदर कुठेय?"

बाईंनी आपला पदर पुढे केला. "माझ्यात घाल. मी नेते तिच्यापर्यंत."

त्या पदराचं काय झालं होतं ते तिथे दोघींनाच कळत होतं. मास्तर गेल्यापासून तो कोणी भरला नव्हता, कोणी भरणारही नव्हतं. विधवेची ओटी भरत नाहीत, ही शुभदाच्या घरची रीत तर तिला तोंडपाठ होती. तिने कणभरही वेळ घेतला नाही. ओंजळ भरभरून तांदूळ घातले, त्यावर खण, त्यावर नारळ. मग बोटावरचं कुंकू नारळाला पुसलं.

बाईंनी दोन्ही हातांनी पदर सावरला. ओझं चांगलंच होतं.

"अब माता को कौन उठाएगा?" लिसम्माने विचारलं. "आपके तो हाथ भर गए."

"मी घेतो."

उन्मेष सतरंजीच्या कडेकडेने आला. लोक पाय आखडून त्याला वाट देत होते. शोकेसपाशी पोचून त्याने मूर्ती उचलली, आणि अवनी लहान असताना धरायचा तशी, एक हात पाठीशी देऊन, छातीशी धरली.

"बाद में फादर से मिलना बेटा," लिसम्मा हळूच म्हणाली. "रास्ता होता है. शादी को चर्च में अब भी मान लेते हैं."

"बघू आंटी," तो म्हणाला. होही नाही, नाहीही नाही. "पहले इसको पहुँचा दूँ."

दारात रीतीप्रमाणे निरोपाची शेवटची प्रार्थना. बाई उंबऱ्याशी उभ्या, पदर भरलेला. त्यांनी सुरू केलं, "नमो मारिया, कृपेने पूर्ण..." शेवटच्या शब्दाशी त्या आल्या. सगळ्यांनी उत्तरासाठी श्वास घेतला.

"हे पवित्र मारिये," उन्मेष म्हणाला, "देवाचे माते."

आवाज बसका होता, गाडी पहिल्यांदा सुरू होताना अडखळावी तसा. पण 'माते'वर तो मास्तरांसारखाच खाली उतरला. बाकीचे आपापली भाषा तोंडात धरून थांबले.

"आम्हा पाप्यांसाठी..." आणि तो अडकला. त्याने आईकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांपुढे सगळं पुसट झालेलं.

"आता," मागून शुभदा म्हणाली. रिकामं ताट छातीशी धरून. "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी."

उन्मेषने वळून पाहिलं. "तुला कसं येतं?"

"रोज दूध तापताना ऐकते की," ती म्हणाली. "म्हण पुढे. लिफ्ट आली."

त्याने पुढचं म्हटलं. दोघांनी मिळून म्हटलं. बाईंनी आमेन म्हणायला तोंड उघडलं, तर आतून भलतंच काही आलं, आईच्या गळ्यातलं, पण आईने कधी न म्हटलेलं. लिफ्टच्या दारात, लोकांच्या गर्दीत, त्या ते पुटपुटत होत्या.

*निघाली गं माय माझी, तिची ओटी मी नेते*
*तांदूळ पदरात, उत्तर कानात घेते*

लिफ्टचं दार मिटू लागलं. उन्मेषच्या खांद्यावरून निळा शेला डोकावत होता, आणि मागे फरशीवर, पदरातून गळालेले, दोन-चार तांदूळ.