मानासेने न ऐकलेलं गाणं

मित्रांनो, मी मिक्सर आहे, पण चटणी वाटणारा नव्हे. गाणाऱ्यांचे आणि वाद्यांचे आवाज तारांमधून माझ्याकडे येतात. मी ते कमीजास्त करतो, एकत्र करतो आणि स्पीकरकडे पाठवतो. आठ माइकांसाठी आठ भोकं, आठ सरकती बटणं आणि कडेला हिरव्या, पिवळ्या, लाल दिव्यांची एक उभी रांग, एवढाच माझा पसारा. आता मी जुना झालो आहे. माझ्या अंगावरची अक्षरंसुद्धा पुसली गेली आहेत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. समज आली तेव्हा मी न्यूझीलंडमधल्या एका शाळेच्या सभागृहात होतो. शाळेने नवा मिक्सर आणला आणि मला विकायला काढलं. मला घेतलं सेमिसीने. तो प्रशांत महासागरातल्या टोंगा देशाचा, वावाऊ बेटावरचा. सफरचंदांच्या बागेत मजुरीला सात महिने आला होता. हंगाम संपला की ही माणसं घरी काहीतरी मोठं घेऊन जातात. सेमिसीच्या बायकोने, कालोलाइनेने, कपडे धुण्याचं मशीन सांगितलं होतं.

वावाऊच्या धक्क्यावर खोकं उघडलं तेव्हा तिने मला चारी बाजूंनी फिरवून पाहिलं.

"सेमिसी, ह्यात कपडे कुठून घालायचे?"

"अगं, ह्यात कपडे नाही, आपले आवाज घालायचे."

"आणि तुझे शर्ट?"

"ते मी धुतो."

शब्दाचा पक्का निघाला. पुढची चार वर्षं घरी असताना सेमिसी अंगणात बसून कपडे धूत होता आणि येणारीजाणारी माणसं त्याला हसून घेत होती.

नवरा-बायको दोघं मिळून देवाची गाणी रचायची आणि स्वतःच गायची. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गायचं ते साठ माणसांनी एकत्र, छाती भरून, वाद्याशिवाय. दोघंच गिटार घेऊन उभी राहतात, हे लोकांना चमत्कारिक वाटलं. देवळातल्या गायकांचे म्हातारे प्रमुख म्हणाले, "साठ जणांचं जेवण दोघं कशी रांधणार रे?" ऑकलंडच्या एका गाण्यांच्या कंपनीने निरोप पाठवला की बाईंचा आवाज आवडला, नवऱ्याची गरज नाही. कालोलाइने म्हणाली, "मग बाईचीही नाही, असं कळव त्यांना." मला तिचा अभिमान वाटला.

म्हणजे पाठीशी कंपनी नाही की कुणी बडी असामी नाही. होती एक होडी, ताडपत्रीत गुंडाळलेला मी आणि मानासे.

मानासे हा कालोलाइनेचा धाकटा भाऊ. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. बोटं कायम तेलाने काळी, पण माझ्या बटणांवर ती इतकी हलकी पडायची की मला कळायचंसुद्धा नाही. त्याच्यासारखा कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. मात्र बहिणीशी तो फारसा बोलत नसे. भांडण नव्हतं, मान होता. टोंगात भाऊ-बहीण वयात आली की एका छपराखाली झोपत नाहीत, एकमेकांसमोर चेष्टामस्करी करत नाहीत आणि प्रेमाबिमाची गोष्ट दोघांनी एका जागी बसून ऐकत नाहीत. तशी गोष्ट निघालीच, तर भाऊ उठून जातो. त्यामुळे मानासेचं सगळं बोलणं सेमिसीमार्फत चालायचं.

"दाजी, ताईंना सांगा, माइक तोंडापासून जरा लांब धरा."

ताई पाच पावलांवर उभी. "ऐकलं म्हणावं," ती सेमिसीला सांगायची.

अशी आम्ही चौघांनी बेटामागून बेटं केली. मी स्वतःला त्यांच्यात मोजतो, त्याचा राग मानू नका. लोक पोटभर खाऊ घालायचे, गाणी ऐकून रडायचे, पण तेवढ्यावर वर्ष निघत नसे. दर वर्षी सेमिसीला पुन्हा सफरचंदांकडे जावं लागे. सात महिने तो तिकडे, ती इकडे आणि मी खोक्यात.

मग रेडिओवाल्यांनी विचारलं की ईस्टरच्या आठवड्यात तुमची सात गाणी लावतो, शुक्रवारच्या बोटीने पाठवा. रेडिओ म्हणजे सगळी बेटं. गाणी चालली तर बोलावणी वर्षभर येतील आणि सेमिसीला जावं लागणार नाही. नाही चालली, तर जूनमध्ये पुन्हा विमान. एवढी साधी गोष्ट होती.

बुधवारी दुपारी देवळाच्या सभागृहात गावाला बोलावलं. माझी तार रेकॉर्डिंगच्या यंत्राला जोडली. सहा गाणी झकास झाली. सातवं नवं होतं, सेमिसीने सफरचंदांच्या बागेत असताना रचलेलं. कालोलाइने डोळे मिटून गाऊ लागली. नवऱ्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपायची सवय, देवा, तूच लावलीस. आता चटईची ती बाजू थंडगार आहे, तिथे तू येऊन बस, असं ते गाणं होतं.

पहिलं कडवं संपायच्या आत मानासे उठला. कुणाकडेही न बघता दाराबाहेर गेला. मग पुरुषांच्या बाकांवरून दुसरा उठला, मग तिसरा. प्रत्येकाची कुणी ना कुणी बहीण समोर बसलेली होती. आमच्याकडे चुलत, मावस सगळ्या बहिणीच. बघता बघता अर्धं सभागृह रिकामं झालं. इकडे माझं बटण वर चढवलेलं तसंच राहिलं आणि स्पीकरने अशी कर्कश शिट्टी मारली की पोरं भोकाड पसरून रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सेमिसीने कपाळाला हात लावला. "माझंच चुकलं. तिकडे मजुरांच्या खोलीत वीस पुरुष होतो, कुणाची बहीण नाही, काही नाही. लक्षातच आलं नाही गं."

"माझ्या तरी कुठे आलं? मला ती प्रार्थना वाटली."

"सोडून देऊ ते. सहाच पाठवू."

देवळाचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांची विधवा बायको पहिल्या बाकावरून हललेली नव्हती. सत्तरी ओलांडलेली बाई. ती म्हणाली, "वा! सातांतलं एकच गाणं माझ्या घरातलं होतं, नेमकं तेच सोडता?"

कालोलाइने तडक बाहेर गेली. मी खिडकीपाशीच होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मानासे दारापुढच्या निरफणसाच्या झाडाखाली पाठ करून उभा होता. तीही झाडाकडे बघतच बोलली.

"मानासे, मी ते गाणं गाणार आहे. तू ते ऐकावंस असं मी म्हणणार नाही."

 तो मागून आलेल्या सेमिसीला म्हणाला, "दाजी, ताईंना सांगा, खुशाल गा. पण बटणं मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही."

"अरे, मग न ऐकता करणार कसा?"

"बघून करीन."

गुरुवारी सभागृहात आम्ही चौघंच होतो. मानासेने कानांत मेण घातलं, वर इंजिनच्या कामाला वापरायची जाडजूड कानझाकणं चढवली आणि बहिणीकडे पाठ करून बसला. मध्ये एक मोठी चटई टांगली. मग तो माझ्या दिव्यांकडे डोळे लावून बसला. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे खाली ओढ. पहिल्या वेळी तो फार भ्याला आणि तिचा आवाज बुडाला. दुसऱ्या वेळी लाल दिवा लागला. तोवर दुपारचे तीन वाजले होते आणि कालोलाइनेचा घसा बसत चालला होता.

तिसऱ्या वेळी काय झालं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिचा श्वास कमी पडायचा त्याच्या क्षणभर आधी मानासेचं बोट वर सरकायचं. सेमिसीचा आवाज खालून येऊन मिळायचा, तेव्हा त्याला जागा करून द्यायचं. दिवे सगळं सांगत नाहीत, मित्रांनो. मी स्वतः दिव्यांचा मालक आहे, मला विचारा.

गाणं शुक्रवारच्या बोटीने गेलं. ईस्टरनंतर बोलावण्यांची रीघ लागली. जूनमध्ये सेमिसी कुठेही गेला नाही. अंगणात बसून शर्ट धूत होता. त्या वर्षाअखेरीस घरात कपड्यांचं मशीनही आलं. ते गाणं रेडिओवर लागलं की आजही घराघरांतले भाऊ उठून बाहेर जातात आणि संपल्यावर परत येऊन जेवायला बसतात. त्यावर आता कुणी काही बोलत नाही.

पुढे चोवीस बटणांचा नवा मिक्सर आला. तो मानासेची बायको चालवते आणि छान चालवते. मी सभागृहामागच्या कोठीत फळीवर गेलो. समुद्राची खारी हवा आणि पाली, एवढीच माझी सोबत. कौतुक करणारे सगळे नव्याकडे गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात सभागृहात मोठा कार्यक्रम होता. ते गाणं सुरू होणार असं कळताच पुरुष नेहमीसारखे बाहेर पडले. कोठीचं दार उघडलं आणि मानासे आत आला. आता त्याचे केस पिकलेत. त्याने दार लावलं, कानझाकणं चढवली आणि मला फळीवरून खाली काढलं. मला वीज नव्हती, एकही दिवा लागत नव्हता. त्याने डोळे मिटले, बोटं ठेवली आणि पहिल्या ओळीपासून बटणं सरकवू लागला. जिथे तिचा श्वास संपतो तिथे वर, जिथे सेमिसी येतो तिथे खाली. बोटांना सगळं पाठ, कुठेही चूक नाही.

दुसऱ्या कडव्यात माझं तिसरं बटण अडकलं. ते कालोलाइनेचं. त्याने फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाने खाच पुसली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. कोठीत कुणी आलात, तर माझ्यावर एखादं फडकं टाका. माझा आवाज गेला तरी चालेल, दिवे लागले नाहीत तरी चालेल. ते तिसरं बटण तेवढं सरकतं ठेवा. त्या माणसाला आपल्या बहिणीचं गाणं ऐकायची तेवढी एकच वाट आहे.