आधी धाकट्याने बोलायचे

अरे अरे, त्या कोपऱ्यावर टेकू नका, मित्रांनो! तिथला माझा पाय दुखरा आहे. हो, मीच बोलते आहे. नौदलाच्या मुख्यालयातले, वरच्या मजल्यावरचे हे जुने लांबलचक टेबल. शाळेची सहल आली की सगळी मुले भिंतीवरची जहाजांची चित्रे बघत सुटतात आणि दप्तरे मात्र माझ्यावर आपटतात. आपटा बापडे. पण आज मला गप्प बसवत नाही. जे सांगायचे आहे ते नुसते आठवले तरी माझ्या फळ्या अजून थरथरतात.

माझा जन्म गोदीतला. तिथल्या सुताराने मला पहिल्या मोठ्या जहाजावर, ॲडमिरलच्या खोलीसाठी घडवले. माझ्या कडेला बोटभर उंच पट्टी आहे ना, ती जहाज डोलले तरी बशा खाली पडू नयेत म्हणून. माझे पाय जमिनीला स्क्रूने जखडलेले असत. तेव्हा नौदल ते केवढे! ॲडमिरल खिडकीतून डोकावले की सगळा ताफा दिसे. माझ्याभोवती चारच माणसे बसत. ॲडमिरल, जहाजाचे कप्तान, नकाशे पाहणारा अधिकारी आणि हुकूम लिहून घेणारा लेखनिक. झाले मुख्यालय!

ते पहिले ॲडमिरल मनाने फार चांगले, पण आवाज असा की खलाशी त्यांना पाठीमागे ‘ढोलसाहेब’ म्हणत. एका सकाळी दाट धुके पडले होते. ढोलसाहेबांनी माझ्यावर मूठ आपटली आणि म्हणाले, “सरळ चला! काय, बरोबर ना?” तिघेही म्हणाले, “होय साहेब.” थोड्याच वेळात जहाज वाळूत जाऊन रुतले. कोणाला खरचटलेसुद्धा नाही, पण सूपचे अख्खे भांडे साहेबांच्या मांडीवर आले.

मांडी पुसत त्यांनी तिघांना विचारले, “खरं सांगा. तुम्हाला शंका आली नव्हती?”

तिघांनाही आली होती.

“मग बोलला का नाहीत?”

कप्तान हळूच म्हणाले, “तुम्ही आधी बोललात ना, साहेब.”

ढोलसाहेबांनी सूपचे रिकामे भांडे उचलून माझ्यावर ठेवले. मग त्यांनी नियम करून टाकला. या टेबलाशी हुद्द्याने जो सगळ्यात धाकटा असेल त्याने आधी बोलायचे. मग त्याच्या वरच्याने, मग त्याच्याही वरच्याने. ॲडमिरलने सगळ्यांत शेवटी.

पुढे नौदल वाढत गेले आणि त्याच्याबरोबर मीही! जहाजे इतकी झाली की खिडकीतून ताफा दिसेना. बिनतारी यंत्र आले, त्याच्याबरोबर संदेश पाहणारे अधिकारी आले, आणि सुताराने मला एक फळी जोडली. इंधन आणि धान्याचा हिशेब एकट्या लेखनिकाला झेपेना, म्हणून रसद विभाग आला. आणखी एक फळी. मग मोहिमा आखणारे आले, हवामानवाले आले. शेवटी मी त्या खोलीत मावेना, तेव्हा पाय काढून मला खाली उतरवले आणि बंदराजवळच्या या इमारतीत आणले. नीट बघितलेत तर माझ्या प्रत्येक फळीचा रंग वेगळा दिसेल. नौदलाचा सगळा इतिहास माझ्या पाठीवर आहे, आणि तुम्ही त्याच्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवता!

विभाग वाढले तसे भांडणही वाढले. प्रत्येकाला आपलेच घोडे पुढे दामटायचे असे. म्हणून एक नवे पद आले, चीफ ऑफ स्टाफ. निर्णय ॲडमिरलचा. पण सगळ्या विभागांचे म्हणणे एकत्र बांधायचे आणि निर्णय झाला की जहाजांना आपल्या नावाने हुकूम पाठवायचा, हे काम त्यांचे. एवढे लांब नाव कोण घेणार? मुख्यालयात सगळे त्यांना ‘कारभारी’ म्हणत.

मी सांगते आहे त्या वेळचे कारभारी मोठे शिस्तीचे. नियम मोडलेला त्यांना खपत नसे. त्यांची मुलगीही नौदलात होती. समुद्राच्या तळाची मापे घेणाऱ्या एका लहान जहाजावर ती संदेश अधिकारी होती. पण या दालनात त्यांनी तिचा विषय कधी काढला नव्हता.

त्या दिवशी दुपारी वादळाची खबर आली आणि सगळे धावतपळत माझ्याभोवती जमले. वादळाच्या वाटेत आपले एकच जहाज होते. तेच लहान जहाज! त्याला बंदरात बोलवायचे की बाहेर ठेवायचे, हे लगेच ठरवायचे होते. त्या वेळी ॲडमिरल एक बाई होत्या, शांत आणि नजरेने सगळे टिपणाऱ्या. त्यांनी हवामान विभागाच्या मुलीकडे पाहिले, कारण तीच सगळ्यांत धाकटी. तिने तोंड उघडले, आणि तेवढ्यात कारभारीच बोलून गेले.

“आत बोलवा! लहान जहाज आहे ते. ताबडतोब आत बोलवा.”

इतक्या वर्षांत हे कधी घडले नव्हते!

हवामानवालीने हातातला कागद मिटला. “होय सर,” ती म्हणाली. संदेशवाले म्हणाले, “होय सर.” रसदवाले एरवी साध्या ‘बसा’ म्हणण्यालाही हरकत घेणारे गृहस्थ. तेही म्हणाले, “बरोबर आहे.” मोहीमवाल्यांनी मान हलवली. मला ओरडावेसे वाटले, अरे, सूप सांडणार आता! पण टेबलाचे कोण ऐकतो?

ॲडमिरल बाई काही बोलणार, तोच कारभारी उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“मॅडम, एकही जण ‘नाही’ म्हणाला नाही. एवढं एकमत या टेबलावर कधी झालंय? मी आधी बोलायला नको होतं.” त्यांनी आपली टोपी उचलली. “माझी मुलगी आहे त्या जहाजावर. माझं मत धरू नका. पुन्हा पहिल्यापासून विचारा. मी बाहेर थांबतो.”

आणि ते खरोखरच बाहेर गेले. दाराखालच्या फटीतून मला त्यांचे बूट दिसत होते. ते जागचे हलले नाहीत.

“बोल गं,” ॲडमिरल बाई म्हणाल्या. “मघाशी काय सांगणार होतीस?”

हवामानवालीने कागद पुन्हा उघडला. “मॅडम, वादळ बंदराकडेच वळतंय. जहाज आत यायला निघालं तर दोन्ही एकाच वेळी बंदराच्या तोंडाशी पोचतील. तोंड अरुंद, दोन्हीकडे खडक.”

संदेशवाले कपाळ पुसत म्हणाले, “तोंडावरचा दिवाही सकाळपासून बंद आहे. दुरुस्ती चाललीय.”

“इंधन भरपूर आहे त्यांच्याकडे,” रसदवाले खेकसले. “चार दिवस बाहेर राहू देत की! मी मघाशीच म्हणणार होतो.”

“मग म्हणाला का नाहीत?” मोहीमवाले म्हणाले. “खोल समुद्रात खडक नसतात. लाटांकडे तोंड करून उभं राहिलं तर लहान जहाजही टिकतं.”

बघा, मित्रांनो! प्रत्येकाजवळ एकेक तुकडा होता आणि तो ज्याने त्याने खिशात घालून ठेवला होता. आता माझ्यावर सगळे तुकडे जुळले. आनंदाने मला गुदगुल्या झाल्या, पण दाराखालचे ते बूट अजून तिथेच होते.

कारभाऱ्यांना आत बोलावले. “जहाज बाहेरच राहील. खोल समुद्रात जाईल,” ॲडमिरल बाई म्हणाल्या. “हुकूम आज मी पाठवते.”

“नको मॅडम. हुकूम नेहमी माझ्याकडून जातो. आवाज बदलला तर त्यांना शंका येईल.”

त्यांनी माइक उचलला. दुसऱ्या हाताने माझी कड अशी घट्ट धरली की त्यांच्या नखांच्या खुणा अजून तिथे आहेत. “बंदरात येऊ नका. खोल समुद्रात जा. लाटांकडे तोंड ठेवा.”

खरखर झाली. मग मुलीचा आवाज आला. “पुन्हा सांगा.”

त्यांनी पुन्हा सांगितले. शब्द तेच, आवाजही तसाच.

“समजलं. खोल समुद्रात जात आहोत,” ती म्हणाली, आणि लगेच आवाज तुटला.

संध्याकाळी वादळ बंदरावर आदळले. तोंडाशी नांगरलेला गाळ काढायचा रिकामा तराफा खडकांवर आपटून पार चक्काचूर झाला. खिडकीतून सगळ्यांनी ते पाहिले. कोणी कारभाऱ्यांकडे बघितले नाही. जहाजाकडून काही खबर नव्हती. रात्र सरली, चहा गार झाला, कारभारी खुर्चीवरून उठले नाहीत.

सकाळी उन्हे आली आणि यंत्र खरखरले! “सगळे सुखरूप. एरियल मोडली होती, बांधून काढली. भूक लागली आहे.”

काय तो गोंधळ! हवामानवाली रडत होती, संदेशवाले टाळ्या पिटत होते आणि रसदवाले चक्क माझ्यावर चढून नाचले. एवढी जड रसद मला कशी पेलणार? माझा कोपऱ्याचा पाय काडकन मोडला. तोच हा दुखरा पाय. पण खरे सांगते, तेव्हा तो दुखलाच नाही.

जहाज परतले तेव्हा ती मुलगी इथे आली. खारे वारे लागून चेहरा रापलेला, हातांना फोड आलेले. दालनात बाकी कोणी नव्हते.

“बाबा,” ती रागानेच म्हणाली, “आम्हाला बाहेर ठेवायचं तुम्ही ठरवलंत?”

“नाही गं. मी आत बोलवा म्हणालो होतो.”

बंदराच्या तोंडाशी तराफ्याच्या फळ्या अजून तरंगत होत्या. तिने खिडकीतून त्या पाहिल्या.

“मग माझं म्हणणं मी मागे घेतलं,” कारभारी म्हणाले, आणि या दालनात मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिले.

मित्रांनो, आता मला हलवून काचेचे नवे टेबल आणायचे चालले आहे. आणू देत. तुमच्या घरातल्या आणि शाळेतल्या जुन्या लाकडी वस्तू मात्र जपा, त्यांच्यावर कर्कटकाने नावे कोरू नका. आणि घरात काही ठरत असेल, तर सगळ्यांत धाकट्याला आधी विचारा, त्याचे पुरते ऐकून घ्या. तुम्हीच धाकटे असाल, तर घाबरू नका, बोला. मोठ्यांना राग येईल म्हणून गिळलेल्या एका वाक्यावर कोणाची तरी मुलगी घरी परत येणे अवलंबून असते.